दूधआईचें देणें : स्तन्यपानविषयक कांहीं साधनें

हडपसर हें पुण्याच्या पूर्वेस, सोलापूर व सासवड या दोन रस्त्यांच्या फाट्यावर वसलेलें गांव. आतां तें शहरांत मिळून गेलें आहे. इतिहासाच्या अभ्यासकांस तें ता. २५ आक्टोबर १८०२ रोजीं झालेल्या लढाईमुळें परिचित आहे. वारकऱ्यांस मात्र दोन्ही पालख्यांची ताटातूट जेथें होते तें ठिकाण म्हणून तें ठाऊक असतें. ज्ञानोबांची पालखी येथून दिवेघाटाकडे वळते. तुकोबांची लोणी काळभोरच्या वाटेस लागते. त्या दिवशीं रस्त्याच्या कडेस बसून, अंगावर पिणारें मूल पदराखालीं घेतलेल्या बाया आम्ही दरसाल पाहतों. कोणी थबकत नाहीं, कोणी कुजबुजत नाहीं. पखवाज चालूच असतो.

त्याच गांवीं, गाडीतळावर, एके दिवशीं निराळा प्रकार आमच्या पाहण्यांत आला. एक तरुण बाई रडणारें तान्हें मूल घेऊन बसची वाट पाहत होती. तिनें मुलास पदराआड घेतांच आमच्याच वयाचे एक गृहस्थ म्हणाले, "अहो बाई, जरा आडोशाला जा." बाईनें चहूंकडे पाहिलें. आडोसा कोठेंच नव्हता. अखेर एका भाजीवाल्या म्हातारीनें, "ये ग लेकी, बस हितं माझ्या पाट्यांमागं," म्हणून तिला जागा करून दिली. आम्ही तेथें उभे होतों आणि एक शब्दहि बोललों नाहीं. ज्या समाजानें दुधाच्या नात्यास एवढा मान दिला, त्यानें त्या दुधाला बसावयास जागा कां ठेवली नाहीं, हा प्रश्न तेव्हांपासून आम्हांस सोडीत नाहीं. प्रस्तुत टिपण त्याच प्रश्नाचें फळ होय.

प्रथम शब्दाकडे पाहूं. दाईस संस्कृतांत 'धात्री' म्हणतात. पाणिनीनें या शब्दाच्या सिद्धीसाठीं स्वतंत्र सूत्र केलें असून त्यांतील प्रत्यय कर्मार्थीं आहे; म्हणजे जिचें दूध प्यालें जातें ती धात्री. 'स्तनंधय' या शब्दाचीहि सिद्धि त्याच व्याकरणांत आहे. पिणें हा धातु दोहोंस समान. एकांत पिणारा दिसतो, दुसऱ्यांत पाजणारी. यांत लपविण्यासारखें कांहीं आहे अशी शंकाहि व्याकरणकारांस शिवलेली नाहीं.

वैद्यकाचे आचार्य याहून पुढें गेले. चरकाच्या शारीरस्थानांत धात्री कशी निवडावी, तिचें दूध शुद्ध आहे हें कसें ओळखावें, याचा विस्तार आहे; पाण्याच्या भांड्यांत सोडलेलें दूध पाण्याशीं एकरूप व्हावें, ही त्यांतील एक परीक्षा. सुश्रुतानें याहून महत्त्वाची गोष्ट नोंदविली आहे. क्रोध, शोक व वात्सल्याचा अभाव यांनीं स्त्रीचें दूध नाहींसें होतें, असें तो सांगतो. आधुनिक शरीरशास्त्राचा निर्वाळा याच्या जवळचा आहे : पान्हा फुटणें हें मेंदूंतून सुटणाऱ्या एका द्रव्यावर अवलंबून असतें, आणि भीति, संकोच किंवा मानसिक ताण यांनीं तें अडतें. तेव्हां चारचौघांत मातेस ओशाळें करणारा मनुष्य केवळ शिष्टाचाराची गोष्ट करीत नसतो. तो बालकाच्या तोंडचा घांस अडवीत असतो.

प्राचीनांचें सर्वच म्हणणें ग्राह्य आहे असें मात्र नव्हे. दूध तीनचार दिवसांनीं उतरतें असें धरून, तोंवर बालकास मध व तूप चाटवावें, असा उपदेश सुश्रुतांत आहे. आज असें सिद्ध आहे कीं, पहिल्या दिवसांचें दाट पिवळसर दूध, ज्यास आपण चीक म्हणतों, तें रोगप्रतिकारक द्रव्यांनीं भरलेलें असतें. जन्मापासून तासाभराच्या आंत बालकास अंगावर घ्यावें, सहा महिने दुसरें कांहीं देऊं नये, व पुढें वरच्या अन्नासह दोन वर्षें किंवा अधिक काळ पाजावें, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. जुन्या ग्रंथाविषयींचा आदर त्याची चूक दाखविल्यानें कमी होत नाहीं.

या विषयावरील मुख्य ग्रंथ जी काश्यपसंहिता, तिची कथा संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. बालवैद्यकाचा हा ग्रंथ नेपाळचे राजगुरु हेमराज शर्मा यांच्या संग्रहांतील खंडित तालपत्रांवरून १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत छापून निघाला. मातेच्या दुधाविषयींचें एवढें ज्ञान एका फाटक्या पोथीच्या आधारानें आपणांपर्यंत पोंचलें.

आतां मराठ्यांच्या इतिहासाकडे येऊं. ता. १४ मे १६५७ रोजीं पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृति क्षीण असल्यामुळें कापूरहोळच्या गाडे पाटील घराण्यांतील धाराऊ हिला दूधआई म्हणून आणण्यात आलें. तिच्या अंतोजी व रायाजी या पुत्रांस राजांचे दूधभाऊ म्हणत, व तिला सालीना २६ होनांची नेमणूक होती, असें इतिहासग्रंथांतून नमूद आहे. ता. ५ सप्टेंबर १६५९ रोजीं सईबाई निवर्तल्या. दोन वर्षांच्या राजपुत्रास दूधआई मात्र उरली. येथें दूध हें नातें आहे, तसेंच तें देणेंहि आहे. ज्यानें दूध घेतलें त्यानें कांहीं फेडावयाचें असतें, हें त्या नेमणुकीचें मर्म होय.

दुसरें उदाहरण सर्वांच्या ओठांवरचें. रायगडाच्या पायथ्याची हिरकणी गवळण कोजागिरीस दूध घालावयास गडावर गेली, दरवाजे बंद झाले, आणि घरीं तान्हें मूल उपाशी म्हणून ती रात्रीं कडा उतरली. सभासदाच्या बखरींत ही कथा नाहीं. ती लोकांच्या मुखांत व हिरकणी बुरुजाच्या नांवांत आहे. आम्हीं ती वर्गांत कितीदां सांगितली याची गणती नाहीं. मुलांकडून कड्याची उंची व आईचें धाडस यांवर निबंध लिहवून घेतले. परंतु दरवाजा कां उघडला नाहीं, हें आम्हीं एकदांहि विचारलें नाहीं, आणि कोणा मुलानें विचारलें असतें तर त्यास खालीं बसविलें असतें. ती उतरली त्या जागीं बुरूज बांधला असें कथा सांगते. म्हणजे तिचा गौरव झाला आणि तिची वाट बुजली.

राजपुत्राच्या दूधआईस होन मिळाले, कडा उतरणारीस बुरूज मिळाला. शेताच्या बांधावर किंवा बाजारांत मूल पाजणारीची दखल मात्र उशिरां घेतली गेली. १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत प्रसूतिसाह्याच्या विधेयकास डॉ. आंबेडकरांनीं पाठिंबा दिला, व १९२९ सालीं तो कायदा झाला. १९६१ च्या मध्यवर्ती कायद्यानें, कामावर परतलेल्या मातेस मूल पंधरा महिन्यांचें होईपर्यंत पाजण्यासाठीं रोज दोन वेळां सुटी ठरवून दिली. या शतकांत एस्. टी. च्या स्थानकांवर 'हिरकणी कक्ष' उघडले गेले. नांव उचित आहे. पण कक्षास कुलूप असेल, तर तो पुन्हां रायगडाचा बंद दरवाजाच झाला. आणि कक्ष आहे म्हणून बाहेर बसलेल्या मातेस कोणी हटकूं लागला, तर सोईचेंच बंधन होईल. वारींतील बायांस कोणी कक्ष दिला नव्हता; लोकांची नजरच त्यांचा आडोसा होती.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. सनदा व राजपत्रें आपण जपतों. घरगुती जमाखर्चाच्या वह्या, बाळंतपणाचीं टिपणें, सुईण व दाई यांस दिलेल्या लुगड्याचोळीच्या नोंदी बहुधा रद्दींत जातात. ज्यांच्या दफ्तरांत अशा नोंदी असतील त्यांनीं त्यांची नक्कल करून ठेवावी. धाराऊ एकटी नव्हती. तिच्यासारख्या इतर जणींचीं नांवें कोठें सांपडलीं तर त्याच कागदांत सांपडतील.