दख्खनच्या पाषाणाची साक्ष : पुराचुंबकत्व आणि भारताचे प्राचीन स्थान

आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली मांडलेला खंडवहनाचा विचार पुढील चार दशके बहुसंख्य भूशास्त्रज्ञांना अमान्य होता. त्यास मोजता येण्याजोगा आधार देण्यात सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा वाटा मोठा आहे. सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या प्रोत्साहनाने केंब्रिजमधील टेड आर्व्हिंग यांनी दख्खनच्या बेसाल्टचे नमुने तपासले. भारत दक्षिण गोलार्धातून उत्तरेस सरकला, असे त्यांना आढळले. मात्र १९५४ मध्ये त्यांचा प्रबंध पीएच.डी.साठी स्वीकारला गेला नाही! १९५६ मध्ये क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनीही दख्खनच्या खडकांवरून तोच निष्कर्ष प्रसिद्ध केला.

लाव्हा थंड होताना त्यातील चुंबकीय खनिजे तत्कालीन भूचुंबकीय क्षेत्राची दिशा धारण करतात. दीर्घकालीन सरासरीत या क्षेत्राच्या नतिकोनाचा टॅन हा अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट असतो. त्यानुसार १८ अंश उत्तर अक्षांशावर नती सुमारे ३३ अंश, खालच्या दिशेने यावयास हवी. दख्खनच्या सरळ ध्रुवतेच्या थरांत ती सुमारे ४८ अंश, तीही वरच्या दिशेने आहे; म्हणजे स्थान सुमारे २९ अंश दक्षिण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांत पाच हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास!

परंतु या साक्षीदाराची उलटतपासणी आवश्यक ठरते. खडकावर आजच्या क्षेत्राचाही थर चढतो, वीज पडूनही मूळ नोंद बिघडते. आजच्या क्षेत्राची छाया सरळ ध्रुवतेच्या थरांतील नती कमी करते, तर उलट ध्रुवतेच्या थरांतील वाढवते. मूळ नोंद शुद्ध असेल तर दोन्ही दिशा परस्परांच्या नेमक्या विरुद्ध यावयास हव्यात. त्या तशा येत नसतील, तर काढलेला अक्षांश संशयास्पद होय. सुरुवातीची मोजमापे बव्हंशी नमुन्यांचे शुद्धीकरण न करताच केलेली होती. प्रत्यावर्ती क्षेत्राने वा उष्णतेने दुय्यम चुंबकत्व काढून टाकण्याची पद्धत नंतर रूढ झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते, आरंभीच्या टीकाकारांना केवळ पुराणमतवादी ठरविणे अन्यायाचे होईल.

मूळ निष्कर्ष मात्र टिकला. १९५८ मध्ये क्लेग, राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी राजमहालच्या अधिक प्राचीन बेसाल्टचे चुंबकत्व अभ्यासले. त्या खडकांवरून भारताचे स्थान आणखी दक्षिणेस येते. रेखांशाबाबत मात्र हे तंत्र मुकेच आहे, कारण अक्षाभोवती सममित असलेल्या क्षेत्रात पूर्व-पश्चिम भेद उमटत नाही. तो भाग हिंदी महासागराच्या तळावरील चुंबकीय पट्ट्यांवरून ठरवावा लागला.