फोनशेजारची वही आणि फोनमधली नावे

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज 1882 साली सुरू झाले. आपल्यासारख्या बहुतेक घरांत मात्र फोन आला तो जवळजवळ शंभर वर्षांनी, तोही अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर. फोनमागोमाग त्याच्या शेजारी एक वही आली, कडेला ए ते झेड अक्षरांच्या पायऱ्या कापलेली.

मी कॉमर्सची, त्यामुळे खतावणीची सवय. खतावणीत प्रत्येक खाते आपापल्या पानावर. या वहीत मात्र नणंद तिच्या गावाच्या अक्षराखाली, गॅसवाला 'जी'त, इस्त्रीवाला जागा मिळेल तिथे. पुरुषमंडळींना त्यात काही सापडत नसे, "अगं, नंबर सांग" म्हणून हाक यायचीच. काही नावांपुढे 'पी.पी.' लिहिलेले असे. ट्रंक कॉलच्या 'पर्टिक्युलर पर्सन'वरून आलेली ही अक्षरे. फोन शेजारच्यांचा, आपण नम्रपणे म्हणायचे, "वरच्या वहिनींना जरा बोलावता का?" आणि त्या माऊली खरोखर बोलवायच्या. आजच्या सुनांना हे समजावून सांगावे लागते.

पुढे बटणांचे, नावे साठवणारे सेट आले. बटणांवरची इंग्रजी अक्षरे अमेरिकेतून आलेली. तिथे पूर्वी एक्स्चेंजच्या नावाची पहिली अक्षरे फिरवून नंबर लावत. जुन्या डायलवर क्यू आणि झेड नव्हतेच, ते नंतर 7 आणि 9 वर बसवले. म्हणून आपल्या सेटवर 'पाटील' लिहायचे तर 7, 2 आणि 8 एकेकदा, 4 तीनदा, 5 तीनदा. नऊ वेळा बटण दाबा! 'शहा' एवढे छोटे आडनाव, पण शेवटच्या एचसकट तेही नऊच.

नंबर बदलले की खरी परीक्षा. 2002 च्या सुमारास मुंबई-पुण्यात नंबरांआधी 2 लागला. वहीत ते एका दुपारचे काम होते, सेटमध्ये एकेक नाव उघडून दुरुस्त करावे लागले. साठवलेला आकडा जुळला नाही, तर कॉलर आयडीवर नावही येत नाही.

15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी 0 लावावा लागतो. घरी सासूबाई किंवा आई दुपारी एकट्या असतात, त्यांना एकच बटण दाबायला शिकवलेले असते. त्या बटणातला मुलाचा नंबर 0 शिवाय असेल, तर ऐनवेळी रेकॉर्ड केलेली सूचना ऐकू येते, मुलगा नाही. आज जेवणे उरकली की स्वतः एकदा ते बटण दाबून पाहा. मग डॉक्टरांचे. आणि वही टाकू नका, काही सेटची बॅटरी उतरली की सगळी नावे पुसली जातात.