बावीस वर्षांचा कोल्हापूरकर आणि विश्वाची शिरगणती

राजारामपुरीतल्या श्रोत्यांपुढे विश्वरचनेचा विषय मांडताना उदाहरणासाठी फार लांब जावे लागत नाही. जयंत विष्णू नारळीकर १९ जुलै १९३८ रोजी याच कोल्हापुरात जन्मले. तुटपुंज्या पुराव्यावर सिद्धांताची परीक्षा कशी घ्यावी, याचा एक गाजलेला वाद ते २२ वर्षांचे असतानाच त्यांच्या अंगावर आला.

विश्व प्रसरण पावते, पण नवे द्रव्य निर्माण होत राहिल्याने त्याचे रूप सर्वकाळ सारखेच राहते, असा सिद्धांत हॉइल, बाँडी व गोल्ड यांनी १९४८ साली मांडला होता. केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी त्याला आकाशातील रेडिओ-स्रोतांच्या गणतीची कसोटी लावली. हिशेब सोपा आहे. चौपट मंद स्रोत टिपता आले की नजर दुप्पट लांब पोचते, आणि दुप्पट अंतरात ८ पट जागा मावते. म्हणजे स्रोतही ८ पट भरावेत. स्थिर विश्वात प्रसरणामुळे त्याहून काहीसे कमीच. त्याहून जास्त भरले, तर दूरच्या, म्हणजेच जुन्या काळी स्रोत दाट होते आणि विश्व बदलत आले, असा अर्थ निघतो. १९५५ सालच्या राइल यांच्या यादीवरून हे प्रमाण ६४ पटींच्या घरात गेले! सिडनीच्या संशोधकांनी आकाशाचा सामायिक भाग ताडून पाहिला, तेव्हा या यादीतले पुष्कळ स्रोत म्हणजे शेजारच्या मंद स्रोतांची सरमिसळ असल्याचे दिसून आले.

फेब्रुवारी १९६१ मध्ये राइल सुधारलेले आकडे घेऊन आले. आता प्रमाण सुमारे १२ पट होते. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत हॉइल यांच्या वतीने उत्तर द्यायला त्यांचे विद्यार्थी नारळीकर उभे राहिले. त्यांचा मुद्दा असा की, स्रोत मोठमोठ्या पुंजक्यांनी विखुरलेले असतील आणि आपण विरळ भागात असू, तर जवळचे तेजस्वी स्रोत कमी भरतील व मंद स्रोतांची संख्या उगाच फुगलेली दिसेल. बहुतेक स्रोतांचे अंतरच कोणाला ठाऊक नव्हते, तेव्हा हे खोडणार कसे?

उत्तर चोख होते. पण त्याने सिद्धांत खरा ठरला नाही, निकाल लांबला एवढेच. शिवाय नेमके आपणच विरळ जागी असावे लागते, ही गोष्ट मला तरी खटकते.

१९६५ साली पेंझियास व विल्सन यांना निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे ३ अंश तापमानाचे प्रारण सर्व दिशांनी येताना आढळले. उष्ण आरंभातून ते सहज निघते, स्थिर विश्वातून नाही. बहुसंख्य शास्त्रज्ञ तिकडे वळले, नारळीकर वळले नाहीत. १९९३ साली हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सिद्धांताचा नवा अवतार पुढे आणला. ते प्रारण म्हणजे ताऱ्यांचाच जुना प्रकाश, अंतराळातल्या लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा फेकलेला, असे त्यात म्हटले होते. फार थोड्यांना हे पटले. पुण्यात २० मे २०२५ रोजी निधन होईपर्यंत महास्फोटाचे ते टीकाकारच राहिले.