माहितीपुस्तिकेत नसलेले फंक्शन

हजेरीपटात प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ असते. ‘प्रत्येक तुकडीपुढे एकाच ओळीत, स्वल्पविराम देऊन, सर्वांची नावे लिहा’ असे सांगितले, तर आपण ते सहज करू. संगणकाच्या माहितीसाठ्याला हे सांगणे मात्र बराच काळ अवघड होते. माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेत बेरीज, सरासरी, मोजणी यांची फंक्शने होती. अनेक ओळींतील नावे एकत्र जोडणारे प्रमाणित फंक्शन नव्हते. ते प्रमाणात आले २०१६ साली.

दरम्यान एक चोरवाट सापडली. ओरॅकल कंपनीच्या माहितीसाठ्याची ‘१० जी’ ही आवृत्ती २००३ साली जाहीर झाली. या मालिकेत ‘वर्कस्पेस मॅनेजर’ नावाच्या भागाने स्वतःच्या वापरासाठी ‘डब्ल्यूएम_कॉन्कॅट’ हे फंक्शन ठेवले होते. ते नेमके हेच काम करी. माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेख नव्हता. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी ते वापरून पाहिले, उत्तर बरोबर आले आणि वापर पसरला.

पुढे काही दुरुस्ती-आवृत्त्यांत या फंक्शनच्या उत्तराचा प्रकार बदलला. साध्या मजकुराऐवजी ते ‘क्लॉब’, म्हणजे दीर्घ मजकूर, देऊ लागले. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण ‘क्लॉब’वर गट पाडणे किंवा पुनरुक्ती काढणे ओरॅकलमध्ये चालत नसे, त्यामुळे कालपर्यंत चालणारे प्रश्न अडले. २०१३ सालच्या ‘१२ सी’ आवृत्तीत तर ते फंक्शनच काढून टाकले गेले. तक्रारीला जागा नव्हती, कारण कंपनीने ते कधी देऊ केलेलेच नव्हते.

२००९ साली ‘११ जी’च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘लिस्टॅग’ हे अधिकृत फंक्शन आले होते. तरी केवळ नाव बदलून भागेना. एकच नाव दोनदा आले तर एकदाच घेण्याची सोय जुन्या फंक्शनमध्ये होती. ‘लिस्टॅग’मध्ये ती ‘१९ सी’ आवृत्तीपर्यंत नव्हती.

म्हणून अशा बदलाची चाचणी प्रयोगासारखी करावी लागते. माहिती तीच ठेवायची, बदलायची फक्त आवृत्ती. माहितीत दोन सारखी नावे, एक रिकामी जागा आणि एक खूप मोठी तुकडी मुद्दाम घालायची. मग मजकूर, नावांचा क्रम आणि उत्तराचा प्रकार, तिन्ही ताडून पाहायचे. जुन्या आवृत्तीत नावे हजेरी क्रमांकाने येत असतील, तर तोही योगायोग असू शकतो.

येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एक फरक ओळखायला हवा. दगड हजारदा खाली पडला, तर पुढेही पडेल असे आपण मानतो; निसर्ग नवी आवृत्ती काढत नाही. माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमबाबत हजार यशस्वी चाचण्याही ‘आज असे होते’ एवढेच सांगतात. ‘उद्याही होईल’ हे आश्वासन फक्त माहितीपुस्तिका देऊ शकते.

वर्गात विचारून पाहा: आपण रोज ज्यावर विसंबतो, त्यातले कोणी कबूल केलेले किती, आणि आजवर नुसते घडत आलेले किती?