सुलतानपूर ते रावलापाणी : माफी कोणी मागायची?

शहादा तालुक्यातले सुलतानपूर आज एक खेडे आहे. मोगल आणि मराठा काळात ते परगण्याचे ठाणे होते. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेने भिल्ल टोळ्यांना हाताशी धरून ते लुटले. लोक परागंदा झाले आणि पाठोपाठ आलेल्या 1803-04 च्या दुष्काळाने उरलेसुरले उजाड केले. सुलतानपूर पुन्हा सावरले नाही. पुढे तालुक्याला नाव मिळाले ते शहाद्याचे.

राष्ट्रांनी आपल्या युद्धकाळातील कृत्यांबद्दल माफी मागावी का, हा प्रश्न बहुधा जर्मनी आणि जपानच्या संदर्भात विचारला जातो. तिथे निदान अपराधी कोण आणि बळी कोण, हे ठरलेले असते. खानदेशात तेवढेही सोपे नाही. सुलतानपूर लुटणाऱ्यांत भिल्ल होते. दोनच वर्षांनी, 1804 मध्ये, कोपरगावला भिल्लांच्या मोठ्या जमावाला दगा देऊन पकडण्यात आले आणि बहुतेकांना दोन विहिरींत लोटून मारण्यात आले. हे काम पेशव्यांचा खानदेशातला सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याचे. त्या काळात भिल्ल दिसला की मारावा, अशीच रीत पडली होती. चौकशी नाही, खटला नाही.

1818 मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे आला. सुरुवातीची काही वर्षे नव्या सरकारनेही जुनाच मार्ग धरला: घाट रोखायचे, डोंगरातल्या वस्त्यांची रसद तोडायची, नाईकांना पकडून शिक्षा द्यायच्या. त्याने बंड मोडेना, तेव्हा 1825 मध्ये धोरण बदलले. भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. नंदुरबार-सुलतानपूरकडच्या एजन्सीचे ठाणे तापीकाठी कुकरमुंड्याला होते. जेम्स औट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली. इंग्रज लेखकांनी या पलटणीचे कौतुक भरभरून केले आहे, आधीच्या सात वर्षांचा हिशेब मात्र त्यांनी थोडक्यात उरकला. 1880 च्या खानदेश गॅझेटिअरात कोपरगावची कत्तल स्पष्ट शब्दांत नोंदवलेली आढळते. ते पाप पेशवाईचे होते; लिहायला कोणाची हरकत असणार?

1857 च्या उठावात सातपुडा पुन्हा पेटला. सेंधवा घाटाच्या बंदोबस्तावर पूर्वी असलेला खाज्या नाईक आणि त्याच्याबरोबर भीमा नाईक यांनी सरकारी खजिना लुटला. 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणीला मोठी लढाई झाली. लढाईत माणसे मरतात, ते वेगळे. पण तिथे हाती लागलेल्यांना जागच्या जागी लष्करी न्यायालयापुढे उभे करून गोळ्या घालण्यात आल्या, आणि टोळीबरोबरच्या बायकांना कैद करून नेण्यात आले. माफीचा प्रश्न खरा लागू होतो तो अशा, लढाई संपल्यानंतरच्या कृत्यांना.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या दोन घटना याच मुलखातल्या आहेत. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथी त्यात मारले गेले. शिरीषकुमारला सोळावे वर्ष होते. ही घटना शाळेच्या पुस्तकापर्यंत पोहोचली. दुसरी पोहोचली नाही. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज यांनी 1930 च्या दशकात आदिवासींत दारूबंदीची आणि शुद्ध आचरणाची चळवळ उभी केली होती. अनुयायी एकमेकांना ‘आप की जय’ म्हणत. 1938 मध्ये महाराज वारले आणि धाकटे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे नेले. हजारोंनी जमणारी ही माणसे युद्धाच्या धामधुमीत सरकारला धोकादायक वाटू लागली. 2 मार्च 1943 रोजी रावलापाणीच्या नाल्यात उतरलेल्या जमावावर गोळीबार झाला. पंधरा जणांचा बळी गेल्याचे सांगितले जाते. तिथल्या खडकांवर गोळ्यांच्या खुणा आजही दाखवतात.

ब्रिटनने माफी मागितल्याची उदाहरणे फार नाहीत. जालियनवाला बागेबद्दल 2013 मध्ये डेव्हिड कॅमेरून यांनी ती घटना लाजिरवाणी असल्याचे म्हटले, 2019 मध्ये थेरेसा मे यांनी संसदेत खेद व्यक्त केला; माफी दोघांनीही टाळली. केनियातल्या माऊ माऊ बंडाच्या वेळी छावण्यांत झालेल्या छळाबद्दल मात्र जून 2013 मध्ये खेदाबरोबर 5,228 जणांना मिळून सुमारे दोन कोटी पौंड देण्याचे ब्रिटनने मान्य केले. फरक उदारपणाचा नव्हता. केनियातले म्हातारे फिर्यादी स्वतः लंडनच्या कोर्टात गेले होते, आणि सरकारने दडवून ठेवलेले वसाहतींचे दप्तर त्या खटल्यामुळेच बाहेर आले होते.

रावलापाणीशी अधिक जुळणारे उदाहरण इंडोनेशियातले आहे. 9 डिसेंबर 1947 रोजी रावागेडे या गावात डच सैनिकांनी पुरुषांना ओळीत उभे करून मारले. विधवांनी हेगच्या न्यायालयात दावा लावला, 2011 मध्ये तो जिंकला, आणि त्याच वर्षीच्या स्मृतिदिनी डच राजदूताने त्या गावात येऊन माफी मागितली. म्हणजे एखाद्या खेड्यासाठीही राष्ट्र माफी मागू शकते. त्यासाठी साक्षीदार हयात असावे लागतात आणि कागद हाती असावे लागतात.

मराठी माणसाने हा प्रश्न इंग्रजांना विचारताना थोडे पूर्वेकडेही पाहावे. 1742 पासून 1751 च्या तहापर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. त्या ‘बर्गीं’ची धास्ती बंगाली अंगाईगीतात उतरून आजवर टिकली आहे. महाराष्ट्रात त्याच स्वाऱ्या चौथाईच्या आणि पराक्रमाच्या प्रकरणात वाचल्या जातात. होळकर, भोसले, पेशवे, कंपनी यांपैकी एकही सत्ता आता उरलेली नाही, म्हणून माफी मागणारेही कोणी नाही, असा युक्तिवाद करता येतो. तो होळकरांपुरता बरोबरही आहे. ब्रिटिश राज्याला तो लागू पडत नाही, कारण ते राज्य अजून चालू आहे. आणि रावलापाणीच्या बाबतीत तर एक वारसदार मुंबईतच बसला आहे: मुंबई प्रांताचे पोलीस आणि महसूल दप्तर ज्याच्याकडे आले, ते महाराष्ट्र सरकार.

2 मार्चला रावलापाणीत दरवर्षी लोक जमतात आणि आदरांजली वाहतात. त्या गोळीबाराचा हुकूम कोणी दिला, किती काडतुसे झाडली गेली, मेलेल्यांची नावे कोणती, एवढे तरी शोधून सरकारने मराठीत आणि भिलीत छापावे. लंडनकडे मागणी करायची ती हा कागद हाती घेऊनच करता येईल.