कारंजी मॅन्शन : तलावाच्या नावाने ओळखला जाणारा राजवाडा

म्हैसूर शहराच्या नजरबाद भागातील ‘कारंजी मॅन्शन’ हा राजवाडा २०व्या शतकाच्या पूर्वार्धात, महाराजा चौथे कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत, त्यांच्या भगिनी राजकुमारी कृष्णाजम्मण्णी यांच्यासाठी बांधण्यात आला. युरोपीय प्रबोधनकालीन शैलीतील या वास्तूत आता टपाल खात्याचे प्रशिक्षण केंद्र आहे.

नावाचा उगम

राजवाड्याला हे नाव जवळच्या कारंजी तलावावरून मिळाले. कन्नड भाषेत या तलावाला ‘कारंजी केरे’ म्हणतात. ‘केरे’ म्हणजे तलाव आणि ‘कारंजी’ म्हणजे कारंजे. मराठीतील ‘कारंजे’ व कन्नडमधील ‘कारंजी’ हे शब्द उच्चाराने आणि अर्थानेही जवळचे आहेत. मराठी वाचकाला या नावावरून दिवाळीच्या फराळातील करंजी किंवा करंजाचे झाड आठवणे स्वाभाविक असले, तरी त्यांचा या नावाशी संबंध नाही.

बहिणींचे राजवाडे

कृष्णाजम्मण्णी या महाराजा चामराजेंद्र वडियार यांच्या द्वितीय कन्या. त्यांच्या दोन्ही बहिणींचे राजवाडे मात्र त्या राजकन्यांच्याच नावांनी ओळखले जातात. थोरल्या जयलक्ष्मम्मण्णी यांचा ‘जयलक्ष्मी विलास’ म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात असून तेथे लोककला संग्रहालय आहे. धाकट्या चेलुवाजम्मण्णी यांच्या ‘चेलुवांबा मॅन्शन’मध्ये केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे.

राजकन्येचे नाव कोठे उरले?

कृष्णाजम्मण्णी यांचे निधन क्षयरोगाने झाले. त्या काळी या रोगावर प्रभावी औषध नव्हते. स्वच्छ हवा, विश्रांती व पौष्टिक आहार हेच उपचार मानले जात. त्यांच्या स्मरणार्थ म्हैसुरात ‘प्रिन्सेस कृष्णाजम्मण्णी क्षयरोग आरोग्यधाम’ उभारण्यात आले. ‘पीकेटीबी’ या त्याच्या प्रचलित संक्षेपातील पहिली दोन अक्षरे या राजकन्येचीच आहेत. अशा रीतीने राजवाड्यास तलावाचे नाव लाभले, तर राजकन्येचे नाव सामान्य रुग्णांसाठीच्या संस्थेने जपले.

नजरबादचा पूर्वेतिहास

नजरबादचा इतिहास राजवाड्याहून जुना आहे. टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला पाडून त्याच्या दगडांनी येथे नवा किल्ला बांधण्यास प्रारंभ केला होता. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या पाडावात टिपू मारला गेला आणि वडियारांची सत्ता पुन्हा स्थापन झाली. त्यानंतर म्हैसूरच्या किल्ल्याच्या पुनर्बांधणीसाठी हेच दगड परत नेण्यात आले.