कर्जमुक्तीच्या कायद्याकडे : प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापूरच्या बाजारात हळद किंवा सोयाबीन घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज सहसा एका दाराचे नसते. पीककर्ज बँकेचे किंवा सोसायटीचे, ट्रॅक्टरचा हप्ता फायनान्सचा, घरातल्या बाईच्या नावावर बचत गटाचे कर्ज, खताची उधारी कृषी केंद्रात, आणि लग्नात किंवा दवाखान्यात लागलेले पैसे सावकाराचे. यातल्या प्रत्येक कर्जाचा कायदा वेगळा, वसुलीची वाट वेगळी आणि सुटकेचीही. या विषयात पाऊल टाकणारा विद्यार्थी असो, तरुण वकील असो की स्वतः कर्जदार, त्याने आधी कर्जे वेगळी करायला शिकावे. मग वकील शोधणेही सोपे जाते, कारण कोणते काम करणारा वकील हवा ते कळलेले असते.

या अभ्यासाचा गाभा म्हणजे नादारी, म्हणजेच कर्ज फेडता येत नाही हे न्यायालयाने जाहीर करणे. मुंबई शहरासाठी १९०९ चा नादारी कायदा आणि बाकी महाराष्ट्रासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, हे दोन्ही आजही जिवंत आहेत. कर्ज फेडणे अशक्य झालेला आणि किमान पाचशे रुपये देणे असलेला माणूस स्वतः अर्ज करू शकतो. मुंबईबाहेर हा अर्ज ऐकण्याचा मूळ अधिकार जिल्हा न्यायालयाला आहे. नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या हाती जाते, धनकोंमध्ये वाटप होते, आणि पुढे न्यायालय कर्जदाराला मुक्त करू शकते. ‘अंगावरचे कपडेसुद्धा नेतील’ ही भीती मात्र खरी नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औजारे, पोटापुरती जनावरे, बियाणे आणि त्याचे राहते घर जप्त होत नाही, आणि नादारीतही ते कर्जदाराकडेच राहते. जमिनीला मात्र असे सरसकट संरक्षण नाही. ती गहाण असेल तर गहाणदाराचा हक्क नादारीबाहेर शाबूत राहतो. सरकारी देणे आणि फसवणुकीतून झालेले देणे मुक्तीनंतरही सुटत नाही. न वटलेल्या धनादेशाचा खटला तर फौजदारीच. हे बारकावे न सांगता नादारीचा सल्ला देणे मला गैर वाटते.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेत गरीब कर्जदारासाठी नव्या सुरुवातीचे एक प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न साठ हजारांपर्यंत, मालमत्ता वीस हजारांपर्यंत, कर्ज पस्तीस हजारांपर्यंत आणि स्वतःचे घर नाही, अशा माणसाचे कर्ज त्यातून पुसले जाऊ शकते. पण व्यक्तींसाठीचा हा भाग २०१९ मध्ये फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता लागू झाला. बाळापूरचा मजूर अजून बाहेरच आहे. संहितेचे हे प्रकरण लवकर सुरू व्हावे आणि त्यातल्या मर्यादा वाढाव्यात, असे मी आग्रहाने म्हणेन.

मागचा इतिहासही वाचायला हवा. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा पेटला, त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने त्या कायद्याची सावली इकडे पडली नाही. १९७५ चा महाराष्ट्र कर्जमुक्ती कायदा मात्र साऱ्या राज्याचा होता. अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर आणि मजुरांची सावकारी कर्जे त्याने रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो वैध ठरवला. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्यांनी बँका-सोसायट्यांच्या शेतीकर्जाला हात घातला. गटाचे कर्ज आणि उधारी जागच्या जागी राहिली.

सावकाराच्या बाबतीत आज २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. दामदुपटीचा जुना नियम त्यात उतरला आहे. कर्जापोटी जमिनीचे खरेदीखत करून घेतले असेल, तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. हा अर्ज सहकार खात्याकडे जातो, न्यायालयात नव्हे. या एका माहितीअभावी किती तरी सातबारे सावकाराच्या नावावर गेले असतील.

आता वकिलाबद्दल. आपल्याकडे वकिलाला जाहिरात करायला मनाई आहे, त्यामुळे नाव तोंडोतोंडीच कळते. कळमनुरीच्या किंवा हिंगोलीच्या न्यायालयात जाऊन दिवाणी दरखास्ती आणि नादारीची कामे कोण चालवतो ते विचारावे. ‘सुटलेल्या रकमेत इतका हिस्सा’ अशी फी ठरवणे वकिलाला चालत नाही. तशी बोली करणाऱ्यापासून आणि सिबिल साफ करून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कमी उत्पन्नाच्या माणसाला वकील मोफत मिळतो. स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. मदतीचा क्रमांक १५१००. पहिल्या भेटीला सातबारा, कर्जखात्याचे उतारे, आलेल्या नोटिसा आणि कोऱ्या धनादेशांवर सह्या दिल्या असतील तर त्यांचे तपशील घेऊन जावे. जामीन कोणाकोणाला राहिलो आहोत, हेही न लपवता सांगावे.